एक माणूस मावेल एवढी जागा

१

दुपारची जेवणं उरकली, म्हणजे तिचं एकटीचं जेवण उरकलं, की राहेलम्मा फोन घेऊन बसायची. जेवणघराच्या खिडकीपाशी टेबल, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्याला टेकवलेला फोन आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मागं रबराची झाडं उन्हात गप्प उभी असायची. एखादं वाळकं पान न्हाणीघराच्या पत्र्यावर पडलं तरी घरभर ऐकू जायचं. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारी मालिका बघते. कसल्या मालिका! म्हातारी फोटो लावत होती.

फोटो तरी किती म्हणाल, तर विचारू नका. मुलगा रेजी आयर्लंडात, मुलगी सुजा ऑस्ट्रेलियात. सुजा मागं सुट्टीला आली तेव्हा तिनं तिघांचे फोन एकमेकांना जोडून ठेवले होते. तिकडं कुणी बटण दाबलं की इकडं चित्र हजर. नातीनं केक कापला की तोच केक पन्नास वेळा यायचा, आणि पन्नासही वेळा नातीचं तोंड वाकडं. राहेलम्मा बाकीचे पुसायची, त्यातल्या त्यात बरा एक ठेवायची. सगळा गोतावळा त्या तळहाताएवढ्या काचेवर, एकेक चित्र हरभऱ्याच्या डाळीएवढं. बोटानं वर सरकवत राहायचं, खाली सरकवत राहायचं. त्यात तिची दुपार निघायची आणि कधी कधी संध्याकाळही.

फोन चेहरे ओळखायचा. ज्याचा त्याचा एक गोल करायचा आणि खाली विचारायचा, हे कोण? जन्मभर शाळेत हजेरी घेतलेली बाई ती, बिननावाचा चेहरा तिला खपायचा नाही. रेजी, त्याची बायको जिन्सी, त्यांची एवलिन, सुजा, सुजाची पोरं, नणंद चिन्नम्मा, सगळ्यांची नावं तिनं जिथल्या तिथं घातली होती. नवऱ्याचं नाव घालताना मात्र त्या दिवशी पुढं तिला काही करवलं नाही. पोत्तनला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

डिसेंबर लागला, पोत्तनला जाऊन वर्ष होत आलं आणि एके दुपारी यादीच्या तळाशी एक नवा गोल दिसला. बिननावाचा. त्यात चेहरा असा नव्हताच, नुसता करडा डाग. बोट ठेवलं तर एकच फोटो उघडला, पोत्तनच्या शवपेटीभोवतीचा. कबरस्तानाकडं निघायच्या आधी घरचे पेटीला धरून उभे राहून काढतात तो. मध्ये पोत्तन फुलांत झोपलेला, पेटीच्या कडेला ती स्वतः, मागं सुजा आणि जावई, चिन्नम्माचं खटलं. आणि राहेलम्माच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. त्या जागेत पडवीची भिंत तेवढी होती. फोनचा करडा डाग नेमका त्या भिंतीतला होता.

"वेडाच आहे," ती फोनलाच म्हणाली. मागं एकदा त्यानं फणसाला माणूस समजून गोल दिला होता. तेव्हा पोत्तन होता. दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती आणि पोत्तननं त्या फणसाला आपल्या बहिणीचं नाव दिलं होतं. तिनं तो गोल तसाच ठेवला आणि चहा टाकायला उठली.

२

ती जागा तिनंच सोडायला लावली होती.

हल्ली कुठल्या घरात सगळी पोरं मौतीला वेळेवर पोचतात? कुणाचं विमान चुकतं, कुणाची रजा. म्हणून जवळच्या माणसाची जागा मोकळी ठेवून फोटो काढतात आणि स्टुडिओवाला नंतर त्याला तिथं बसवून देतो. लालू स्टुडिओचा लालू यात तरबेज होता. त्या दिवशी तिच्याच सांगण्यावरून त्यानं कॅमेऱ्यामागून हाक दिली होती, "थोरल्याची जागा सोडा बरं. जावई, जरा तिकडं सरका. हां, मावतोय एक माणूस." सगळे हातभर सरकले होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता लालू रोज फोन करत होता. राहेलम्माला तो अम्मच्ची म्हणजे आई म्हणायचा, रेजीला अच्चायन म्हणजे दादा.

"अम्मच्ची, वर्ष भरत आलं. फ्रेमा कधी करू? रेजी अच्चायनचा फोटो द्या ना एकदाचा."

"शोधतेय रे. सगळ्यांत हसतोय."

"हसरा चालायचा नाही. मागं एकाला हसरा लावला. सगळी मंडळी रडतायत आणि हा आपला दुबईहून दात काढतोय. घरच्यांनी मला मारायचंच बाकी ठेवलं. उभा पाहिजे, पांढरा शर्ट पाहिजे, तोंड गंभीर."

तिनं रेजीचा गोल धुंडाळला. लहानपणापासून आतापर्यंतचे हजारो रेजी बोटाखालून सरकले, आणि एकाही फोटोत मेला गंभीर नव्हता. शेवटी तिनं मन घट्ट केलं आणि त्यालाच फोन लावला.

"मोने, बाळा, एक काम कर. पांढरा शर्ट घाल आणि भिंतीशी उभा राहा. जिन्सी फोटो काढेल. दोन मिनिटं लागतील."

"कशाला?"

"अप्पच्चनच्या, तुझ्या बापाच्या फोटोत तुला बसवायचंय."

पलीकडं कार्टूनचा आवाज चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"अम्मच्ची, मी तिथं नव्हतो."

"मला माहीत नाही का?"

"मग नसलेल्याला कशाला उभं करतेस? राहू दे रिकामी जागा. तिनं कुणाचं काय खाल्लंय?"

"लोक विचारतात रे."

"मग खरं सांग लोकांना. सांग, बापानं बायकोसमोर थोबाडीत मारली म्हणून पोरगा आला नाही."

खरं होतं. उतारावरची जमीन विकून मला तिकडं घर घेऊ द्या म्हणाला होता रेजी, आणि पोत्तननं भर पडवीत, जिन्सीच्या देखत, त्याच्या कानाखाली वाजवली होती. रेजीनं बॅग उचलली होती. "तुम्ही मेलात तरी पेटीपाशी उभा राहणार नाही," म्हणाला होता. आणि पोरानं शब्द पाळला. पोत्तनला चार-पाच दिवस हॉस्पिटलच्या थंड कपाटात ठेवलं, रेजी आज निघेल, उद्या निघेल म्हणत. राहेलम्मानं गावभर सांगितलं, रजा मिळत नाही बिचाऱ्याला. वर्षभर ती तेच सांगत आली होती. आता तर सांगताना तिचा आवाजही हलत नसे.

"मोने," ती म्हणाली, "मेल्या माणसाशी कसलं वैर?"

"वैर नाही. मला कामावर जायचंय," रेजी म्हणाला आणि फोन ठेवला.

३

नाताळ झाला आणि फोटोंचा नुसता पूर आला. नातीचे, झाडाचे, दिव्यांचे, ताटांचे. राहेलम्मा दिवसभर पुसत बसली. दुपार कलता कलता तिची नजर तळाच्या त्या बिननावाच्या गोलावर गेली. आता त्यात एकच फोटो नव्हता. बरेच होते.

तिनं गोल उघडला. सुजाच्या घरचं जेवण, पोरं टेबलाभोवती, मागं मोकळं दार. गोल त्या दारावर. सुजाच्या अंगणात सगळे ओळीनं उभे, जावई आणि व्याही यांच्यात थोडं अंतर. गोल त्या अंतरावर. मग रेजीच्या घरचे फोटो होते. सोफ्यावर जिन्सी, एवलिन, रेजी. जिन्सी आणि रेजी यांच्यामध्ये हातभर सोफा मोकळा, आणि फोन त्या मोकळ्या सोफ्यावर बोट ठेवून विचारत होता, हे कोण?

राहेलम्मानं दोन बोटांनी चित्र ताणलं. सोफ्याची गादी मोठी झाली, आणखी मोठी झाली, मग तिचे नुसते चौकोन चौकोन झाले. कुणी नाही. तिनं सुस्कारा टाकला आणि बोटं आवळली. चित्र आक्रसून पुन्हा डाळीएवढं झालं, आणि त्या डाळीत, जिन्सी आणि रेजीच्या मध्ये, एक माणूस होता.

पांढरा शर्ट. हात पोटापाशी एकावर एक.

ती पुन्हा ताणायला गेली. नाही. आवळलं. आहे. असं तिनं किती वेळा केलं देव जाणे. चष्मा पुसला, काच पदरानं पुसली, फोन बंद करून चालू केला. मोतीबिंदू काढताना डॉक्टर म्हणालेच होते, काही दिवस ठिपके दिसतील. पण ते काही दिवस संपून दोन वर्षं झाली होती, आणि ठिपके काही हातावर हात ठेवून उभे राहत नाहीत.

मग तिनं नको ते केलं. बोटं आवळत आवळत चित्रं आणखी लहान केली. महिनाभराचे फोटो एका पानावर आले, मग वर्षाचे. माणसं मोहरीएवढी झाली, सुजा कुठली आणि चिन्नम्मा कुठली हेही कळेना. पण तो कळत होता. पानभर. जितकं लहान तितका स्वच्छ. पेटीच्या फोटोत तो भिंतीला अगदी चिकटून होता. पुढच्या फोटोंत भिंत सोडून पुढं आला होता. नाताळच्या शेवटच्या फोटोत तो रेजीच्या खांद्यामागं उभा होता, आणि रेजी कॅमेऱ्याकडं बघून हसत होता.

माझ्या पोराच्या मागं हे काय लागलंय, एवढंच तिला सुचलं. तेवढ्यात मागच्या दारातून "चेडत्ती!" अशी वहिनीला मारायची हाक आली.

नणंद चिन्नम्मा. हातात उकडलेल्या टॅपिओकाचं पातेलं, तोंडात नेहमीचं बोलणं. "घ्या, गरम आहे. काय हो, वर्षाच्या प्रार्थनेला तरी येतायत का साहेब? की मेलेल्या बापासाठी तेव्हाही रजा नाही?"

राहेलम्मानं फोन पुढं केला. "चिन्नम्मे, हे बघ. इथं तुला कोण दिसतं?"

चिन्नम्मानं चष्मा आणला नव्हता. तिनं फोन लांब, हाताच्या अंतरावर धरला, डोळे बारीक केले. पेटीचा फोटो होता, जसा यादीत दिसतो तसा, डाळीएवढा.

"अय्यो, हा आपला रेजीच की! बसवला होय लालूनं? छान बसवलाय हो. अगदी जिथल्या तिथं."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. पाळण्यातला असल्यापासून अंगाखांद्यावर खेळवलाय मी त्याला. त्याला ओळखायला चष्मा लागतो का मला?" फोन परत देताना चिन्नम्माचे डोळे भरून आले होते. "भाऊ गेला तेव्हा ही जागा बघून जीव तुटला होता माझा. आता बरं वाटलं."

पातेल्यातल्या टॅपिओकाची वाफ खिडकीच्या काचेवर धरत होती.

४

दोन दिवसांनी फोननं स्वतःच विचारलं. काचेच्या मधोमध दोन गोल शेजारी शेजारी. डावीकडं रेजी, हसणारा. उजवीकडं तो. खाली लिहिलं होतं, हे दोघं एकच व्यक्ती आहेत का? आणि तीन बटणं. तीच. वेगळी. माहीत नाही.

असे प्रश्न फोन नेहमी विचारायचा. एवलिनचे दात पडले तेव्हा विचारलं होतं, सुजानं केस कापले तेव्हा विचारलं होतं. राहेलम्मा पेपर तपासल्यासारखी पटापट उत्तरं द्यायची. या वेळी तिचं बोट 'वेगळी'वर गेलं आणि थांबलं. आधी पोराला सावध करू, तिनं ठरवलं. तिनं रेजीला फोन लावला.

"मोने, घरात सगळं ठीक ना? कुणी आलंगेलं? तुझ्या फोटोत, तुझ्या मागं, कुणीतरी..."

"कुणीतरी काय?"

"उभं असतं."

रेजी हसला. "डोळे तपासून घे अम्मच्ची. एवढाल्या काचेत दिवसभर तोंड घालून बसलीस तर भुतंच दिसणार."

"थट्टा करू नको. असं कर, चार दिवस इकडं ये. वर्षाची प्रार्थना आहे. बापासाठी नको येऊ. माझ्यासाठी ये. माझ्या शेजारी उभा राहा नुसता, काही बोलू नकोस कुणाशी."

"नाही."

"मी एकटी उभी राहू? तिथं? सगळ्यांसमोर पुन्हा?"

"बघ, हेच." त्याचा आवाज एकदम चढला. "सगळ्यांसमोर! मी थोबाडीत खाल्ली तेव्हा तू तिथंच उभी होतीस. एक शब्द बोलली होतीस? तुला मी नकोय अम्मच्ची, तुला जागा भरायला माणूस पाहिजे. कुणालाही उभं कर. समज, तुला मुलगा नाहीच."

फोन तुटला. काचेवर पुन्हा ते दोन गोल आले, तोच प्रश्न घेऊन.

राहेलम्माला राग आला. थोडाथोडका नाही, नखशिखान्त. नऊ महिने पोटात वाढवलं, तापात रात्री काढल्या, याच्यासाठी वर्षभर गावाशी खोटं बोलत राहिले, आणि मला म्हणतो मुलगा नाही? हसणाऱ्या गोलातलं ते तोंड तिला बघवेना. शेजारचा तो नाकी डोळी काही नसलेला निदान आपली पायरी ओळखून होता. हातावर हात ठेवून, गंभीर, जिथं उभं राहायचं तिथं उभा होता.

बोट चुकलं, असं पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. बोट चुकलं नव्हतं. तिनं नीट बघून 'तीच' दाबलं.

५

दोन गोल एकमेकांत सरकले. एक उरला. खाली नाव, रेजी.

काही वेळ नुसतं चाक फिरत राहिलं. मग चित्रं भराभर उमटू लागली, आणि तिच्या रागाचं पाणी झालं. रेजीच्या शाळेचं स्नेहसंमेलन. पोरं दात काढतायत आणि टोकाला रेजी, गंभीर, हात एकावर एक. रेजी कॉलेजात, बोटीवर, मित्रांपासून हातभर लांब. रेजीचं लग्न. जिन्सी लाजून शेजारी बघतेय आणि शेजारी हा. काल-परवापर्यंत एकाही फोटोत मेला गंभीर नव्हता. आज एकाही फोटोत हसत नव्हता.

तिनं पुन्हा वेगळं करायचा प्रयत्न केला. चुकीचा फोटो निवडा, फोन म्हणाला. कुठला निवडणार? सगळे सारखेच. रेजी हसायचा तेव्हा कसा दिसायचा हे ती आठवू लागली. आठवलं की तोंड पुढं यायचं, नीट बघायला गेलं की चौकोन चौकोन.

मग तिला भिंतीवरच्या फ्रेमची आठवण झाली. रेजीच्या लग्नाचा फोटो, कागदाचा, त्याला कसला फोन! ती धावत बैठकीत गेली. खालून बघितलं तर वर तोच, गंभीर. तिनं खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली, नाकापाशी आणली. जिन्सीची साडी दिसली, जिन्सीचा हार दिसला. शेजारी छापलेल्या कागदाचे ठिपके होते. तिनं फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि बराच वेळ जमिनीवरच बसून राहिली.

लालूचा फोन आला. "अम्मच्ची, फ्रेमा तयार. सगळ्यांना पाठवू ना?"

"तुला फोटो कुणी दिला रे? मी दिला नाही."

"द्यायची गरजच नाही. मूळ फोटोतच आहेत की अच्चायन! मीच तेव्हा नीट बघितलं नव्हतं बहुतेक, घाईत होतो. काय गडबड झाली कळत नाही." तो ओशाळून हसला. "आले होते तर मग तुम्ही लोकांना रजेचं का सांगत होता?"

तेवढ्यात काचेवर एक ओळ उमटली. रेजीचा निरोप होता. अम्मच्ची, रजा मिळाली. वर्षाच्या प्रार्थनेला येतो. तुझ्या शेजारी उभा राहतो.

आणि सांगायला लाज वाटते, पण तिला आनंद झाला. आधी आनंद झाला, भीती मागनं आली. सुजाचा फोन आला, "बघ, येतोय ना शेवटी भाऊ! तू उगीच रडायचीस." राहेलम्मा हो म्हणाली. लेकीला खरं काय ते सांगायचं असं तिनं फोन ठेवल्यावर ठरवलं, आणि सांगितलं नाही.

६

तो सकाळी आला. गाडी फाटकापाशी थांबली, तो उतरला, आणि पडवीतून राहेलम्मानं बघितलं तर रेजी. नाक, कपाळ, उभं राहायची ढब, सगळं रेजीचं. पांढरा शर्ट. सगळा धीर सुटून ती अंगणात धावली. पाच पावलांवर तो रेजी होता. दोन पावलांवर तिची नजर त्याच्या तोंडावरून घसरायला लागली. हाताच्या अंतरावर आली तेव्हा तिनं मान खाली घातली आणि शर्टाच्या गुंड्यांकडं बघत उभी राहिली. गुंड्या चांगल्या होत्या. गुंड्यांच्या वर बघायची छाती तिला झाली नाही.

त्यानंच समजूतदारपणे दोन पावलं मागं घेतली आणि तो पुन्हा रेजी झाला. "आलो, अम्मच्ची," म्हणाला. आवाज जवळूनही येत नव्हता आणि लांबूनही नाही.

अंतर राखायचं, तिला कळून चुकलं. अंतर राखलं की सगळं ठीक.

चर्चमध्ये तो तिच्या उजव्या हाताला, हातभर सोडून उभा राहिला. कबरीपाशी उभा राहिला. ती समोर बघत राहिली, पण समोरच्या रांगांतल्या बायकांच्या डोळ्यांत तिला दिसत होतं, पोरगा आलाय. पाद्री अच्चननी दोन शब्द चांगले सांगितले, आईबापांना न विसरणाऱ्या लेकरांबद्दल. मग घरच्या मांडवात पंगत बसली. भात, माशाची आमटी, ताक, पापड. तो स्वतः वाढत होता. मांडवाच्या त्या टोकाला, स्वच्छ दिसणारा. जिथं जिथं वाढून पुढं जायचा तिथली माणसं क्षणभर गप्प व्हायची, हात ताटातच राहायचे, आणि मग पुन्हा बोलायला लागायची. जरा मोठ्यानंच.

"सोन्यासारखा पोरगा हो," चिन्नम्मा लांबून त्याच्याकडं बघत म्हणाली. "मी काय काय बोलले. माफ करा, चेडत्ती."

वर्षभर हेच ऐकायला तिचे कान तरसले होते. तिनं ते पोटभर ऐकलं.

तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. परदेशातला नंबर, नाव नसलेला.

"अम्मे!"

लहानपणी पडून गुडघा फुटला की मारायचा तशी हाक. त्यापुढं ओळखायचं काय राहिलं? तिचा घास हातातच राहिला.

"अम्मे, रस्त्यावरच्या एकाचा फोन मागून घेतलाय. घरात घेत नाहीत मला. जिन्सी दार उघडत नाही, म्हणते कोण तुम्ही. एवलिन मला बघून किंचाळली, अम्मे, माझी पोरगी! कामावर ओळखत नाहीत. सुजाला लावला, तिनं ठेवून दिला. माझं काहीतरी झालंय. मी दाराशीच उभाय, फोन आत धरतो, तू एकदा सांग जिन्सीला. माझं नाव घेऊन सांग, हा माझा मुलगा. तू सांगितलंस की होईल सगळं ठीक."

एवढंच करायचं होतं. दोन शब्द. राहेलम्माचं तोंड उघडलंही.

समोर सगळा मांडव होता. सगळं गाव पोटभर जेवत होतं, तिच्या पोराचं कौतुक करत होतं. आणि तिला आठवली ती चार-पाच दिवस थंड कपाटात ठेवलेली पोत्तनची काया, आणि फाटकाकडं लागलेले आपले डोळे.

"तुझ्या बापाच्या पेटीपाशी कोण उभं होतं?" तिनं विचारलं.

पलीकडं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

"कुणी नाही, अम्मे," तो हळूच म्हणाला. "मी आलो नाही. चुकलं माझं. आता सांग ना."

"माझा मुलगा इथंच आहे," राहेलम्मा म्हणाली आणि फोन बंद केला.

बंद केला आणि त्याच क्षणी तिला काय केलं ते कळलं. तिनं पुन्हा नंबर काढला, बोट ठेवायला गेली, आणि मांडव गप्प झाला.

तो येत होता. बाकांच्या मधल्या वाटेनं, भाताचं पातेलं तिथंच ठेवून, हात एकावर एक. पाच पावलांवर थांबला नाही. दोन पावलांवर थांबला नाही. राहेलम्मानं मान वर केली नाही. तिच्या हातातली काच अंधारली होती, आणि तिच्या खांद्यावरून वाकलेला तो त्या काचेत दिसत होता, लहानसा, डाळीएवढा, अगदी रेजी. काचेच्या बाहेर, तिच्या गालाशी, जे होतं त्याच्याकडं तिनं बघितलं नाही.

"कुणाचा फोन, अम्मच्ची?"

"कुणाचा नाही."

त्यानं तिच्या हातातून फोन हळूच काढून घेतला. ती सोडत नव्हती, तर एकेक बोट सोडवून घेतलं, मायेनं. तिच्या शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तो बसला. या वेळी मध्ये हातभर जागा नव्हती.

"बघा, पोरगा जवळ बसला तर रडतेय बिचारी," चिन्नम्मा कुणाला तरी म्हणाली.

"जेव, अम्मच्ची. गार होतंय," तो म्हणाला. "आता मी कुठं जात नाही."

राहेलम्मानं मान वर न करता भाताला हात घातला.